दोन आयांचे लेकरू

गोकुळअष्टमीच्या कीर्तनात वसुदेवाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काळोखी रात्र, दुथडी भरलेली यमुना, डोक्यावर टोपली, वर शेषाची छाया. बुवा रंगात येतात, मृदंग चढतो, आणि बाळ एकदा गोकुळात पोचले की पाळणा म्हणायचा, सुंठवडा घ्यायचा आणि घरी जायचे. परतीची वाट मात्र बुवा दोन वाक्यांत उरकतात. मंडळी, वसुदेव रिकाम्या हाताने परतला नव्हता. यशोदेच्या कुशीतली नुकती जन्मलेली मुलगी त्याने उचलून नेली. यशोदा इतकी थकून निजली होती की आपल्याला मुलगा झाला की मुलगी हेही तिला कळले नाही, असे भागवत सांगते. जाग आल्यावर तिने कृष्णाला पाजले ते आपलाच म्हणून. आणि ती मुलगी कंसाच्या हाती पडली. ती साक्षात योगमाया, त्याच्या हातून निसटून आकाशात गेली, हे खरेच. पण यशोदेच्या कुशीत काही ती परत आली नाही.

म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या कथेत लेकरू या घरातून त्या घरात गेले तेव्हा एक आई बंदिवासात रडत राहिली, आणि दुसरीला खरे काय ते कोणी सांगितले नाही. एवढे मनात धरा आणि आता दूरदेशीची एक हकिकत ऐका. ती कुठे बनवलेली नाही, घडलेली आहे.

अमेरिकेत ओरेगन प्रांतात क्रेसवेल नावाच्या गावी हॅरी होल्ट आणि त्यांची पत्नी बर्था राहत. शेती होती, लाकडाच्या धंद्यात पैसा मिळवलेला होता, पोटची सहा मुले होती. होल्टांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. धर्माने ख्रिस्ती, नित्य ग्रंथ वाचणारे, प्रार्थना करणारे कुटुंब. १९५४ साल संपता संपता त्यांनी एका सभेत कोरियातल्या निराधार मुलांचा चित्रपट पाहिला. कोरियात १९५० च्या जूनपासून १९५३ च्या जुलैपर्यंत युद्ध पेटले होते. परदेशी शिपाई आले, गेले. मागे काही बायकांच्या पदरात लेकरे राहिली. चेहऱ्यावरूनच ओळखू यावे की बाप परका. तिथे कुळ बापाकडून मोजायचे. बाप नाही म्हणजे नाव नाही, आणि आईला गावात तोंड दाखवायची सोय नाही. आपल्याकडे असे होत नाही असे कोणी म्हणू नये.

होल्टांनी आधी पैसे पाठवले. तेवढ्याने मन निवेना. मग ठरले की आठ मुले घरीच आणायची. पोटची सहा असताना आणखी आठ! आपण तर पाहुण्यांचे एक पोर चार दिवस राहिले तर दुधाचा हिशेब करतो. पण कायदा आडवा आला. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एका जोडप्याला परदेशातून दोनच मुले आणता येत. नवरा १९५५ च्या उन्हाळ्यात कोरियाला निघाला आणि बायको घरी बसून कायदेमंडळाच्या सभासदांमागे लागली. वाटेत टोकियोच्या मुक्कामी होल्टांचा धीर सुटला. आपण करतो ते देवाला मान्य आहे का, या शंकेने त्यांनी रात्री बायबल उघडले आणि समोर आलेल्या वचनात, पूर्वेकडून लेकरे आणण्याविषयीच्या त्या वचनात, त्यांना कौल मिळाला. बर्थाबाईंनी पुढे या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्याचे नावही त्या वचनावरूनच ठेवले. दोन-तीन महिन्यांत या एका कुटुंबासाठी खास कायदा मंजूर झाला, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात होल्ट बारा लेकरे घेऊन पोर्टलंडच्या विमानतळावर उतरले. आठ आपली, चार इतरांची. पन्नाशीचा, दुखऱ्या काळजाचा माणूस, समुद्रावरून इतका लांबचा प्रवास आणि अंगाखांद्यावर तान्ही पोरे. पुढे हेच काम त्यांनी जन्माचे केले. १९६४ साली कोरियातच त्यांचा देह पडला आणि इल्सान येथे त्याच मातीत त्यांना ठेवले. त्यांची मुलगी मॉली तर परिचारिका होऊन तिथल्या अपंग मुलांची सेवा करीत राहिली, ती २०१९ मध्ये मरेपर्यंत.

धन्य ते कुटुंब, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. परक्याच्या पोरासाठी जो जीव टाकतो त्याची जात आणि धर्म विचारण्याची आपली परंपरा नाही. दामाशेटींच्या घरी गंगाखेडची लहानगी जनी आली, ती दासी म्हणून राहिली आणि संत झाली. पण सगळ्याच जनींच्या कपाळी दामाशेटींचे घर नसते. गरीब नातलगाची पोर ‘सांभाळायला’ म्हणून आणायची आणि भांड्यांच्या ढिगापुढे बसवायची, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामानाने होल्टांचे मन फार स्वच्छ.

परंतु मन स्वच्छ असले म्हणजे वाट सरळच जाते असे नाही. होल्टांचे पाहून हजारो घरांनी मुले मागितली. मुलाला न पाहता, मुखत्यारामार्फत परक्या देशात कागदोपत्री दत्तक घ्यायचे आणि मग मूल विमानाने पाठवायचे, अशी रीत पडली. अमेरिकेने ती १९६१ मध्ये बंद केली. पण ओघ थांबला नाही. युद्ध संपून तीस वर्षे झाली, देश सावरला, कारखाने उभे राहिले, आणि तरीही १९८५ या एका वर्षात कोरियातून आठ हजारांहून जास्त मुले परदेशी गेली. एकूण आकडा दीड लाखाच्या वर जातो. इतके अनाथ आले कुठून? त्यांतली पुष्कळ मुले अनाथ नव्हती, त्यांना कागदावर अनाथ केले होते. आई जिवंत, बाप जिवंत, आणि दप्तरात नोंद ‘बेवारस सापडले’. कुठे एक मूल दगावले तर त्याच्या नावावर दुसरेच पाठवले. ही मुले मोठी झाली, आई शोधायला परत आली, तर दप्तरातले नाव भलत्याचेच. ३६७ जणांनी कोरियाच्या सत्यशोधन आयोगाकडे दाद मागितली. २०२५ च्या मार्चमध्ये आयोगाने पहिल्या तुकडीतील ५६ जणांच्या हक्कांवर घाला आल्याचे मान्य केले आणि सरकारने क्षमा मागावी असे सांगितले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी क्षमा मागितली. चाळीस-पन्नास वर्षांनी मिळालेली क्षमा. तोवर किती आया वाट पाहून गेल्या असतील!

इथे दोष कुणाचा? मागणारे घर प्रेमळ, पण मागणी भारी झाली की देणाऱ्याचा हात खोटे लिहू लागतो. साधी बाजारातली रीत आहे ही. आणि घेणाऱ्याच्या प्रेमात एक बारीक अहंकार लपलेला असतो, तो असा की मी याला उचलले म्हणजे आता हा माझाच, मागचे सारे पुसले गेले. मूल म्हणजे पाटी नव्हे, ओल्या फडक्याने पुसायला.

आपण तर दत्तकविधान केले ते वंशासाठी, पिंडासाठी, वतनासाठी. मुलगा हवा, तोही बहुधा भावकीतला. मुलगी दत्तक घेण्याची वाट सर्व हिंदूंना कायद्याने मोकळी झाली ती १९५६ मध्ये. त्याआधी १८७४ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका विधवेचे मूल ओटीत घेतले आणि यशवंत नाव ठेवले. ते मूल कोणाचे हे त्यांनी लपवले नाही. शिव्या खाल्ल्या, पण लपवले नाही.

परदेशी जाणारी लेकरे आपल्या मुंबई-पुण्याहूनही गेली आहेत. त्यातली काही आज चाळिशी-पन्नाशीची होऊन येतात. भाषा येत नाही, हातात जुना कागद असतो आणि त्यावर आईचे नाव असावे तिथे रेघ. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावरून या व्यवहाराला नियम घालून दिले. १९९३ मध्ये हेग येथे राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. त्याचे सार असे की मुलाला आधी त्याच्याच घरी ठेवून पाहा, मग त्याच्या देशात घर शोधा, आणि ते न मिळाले तरच समुद्रापार. ज्याच्या-त्याच्याकडून परस्पर पोर आणता येत नाही, केंद्रीय संस्थेमार्फतच जावे लागते. लोक कुरकुरतात की फार वेळ लागतो. लागू द्या. वारीला पायी जाणारे आपण, वेळ लागतो म्हणून रडणे आपल्याला शोभत नाही.

ज्यांच्या घरी असे लेकरू आले आहे त्यांना हात जोडून सांगणे एवढेच, की त्याला सांगा. शेजारणीच्या तोंडून कळण्याआधी, लहानपणीच, मांडीवर घेऊन सांगा. ‘त्याचे मन तुटेल’ असे म्हणतात. अहो, कृष्णाला देवकीची ओळख पटली म्हणून यशोदा तुटली का? नंदाची गाडी मथुरेहून त्याच्याशिवाय परतली, गोकुळ रडले, हे खरे. पण आजही आपण त्याला देवकीनंदन म्हणतो आणि यशोदानंदनही म्हणतो, आणि दोन्ही नावे ऐकून तो काही रागावत नाही.

भागवताच्या दशमस्कंधात पुढे एक प्रसंग येतो. कीर्तनात तो फारसा ऐकू येत नाही. पुष्कळ वर्षांनी सूर्यग्रहणाच्या पर्वणीला सारे यादव कुरुक्षेत्री जमतात, आणि नंद-यशोदाही गोकुळाहून येतात. मुले आता मोठी, राजवैभवातली. ती दोघांच्या पाया पडतात, मिठी मारतात, कंठ दाटून बोलता येत नाही. तेव्हा देवकी आणि रोहिणी पुढे होतात, यशोदेला पोटाशी धरतात. मुलांनी आईबाप पाहिलेही नव्हते तेव्हा तुम्ही त्यांना डोळ्यांच्या पापणीसारखे जपले, या उपकाराची फेड इंद्राचे ऐश्वर्य देऊनही व्हायची नाही, अशा अर्थाचे त्या बोलतात. दोन्हीकडच्या आया एकमेकींच्या गळ्यात. त्या रात्री मथुरेला नेलेल्या मुलीचे नाव मात्र त्या बोलण्यात येत नाही.