आजीचा सोनटक्का

कोकणात न्हाणीचं सांडपाणी वाया जाऊ देत नाहीत. ते जिथे जाऊन पडतं तिथे अळू, केळ, सोनटक्का लावायची रीत आहे. अशाच एका घराच्या मागील दारी आजीनं सोनटक्का लावला होता. श्रावण सरता सरता त्याचे पांढरे घोस उघडत आणि तिन्हीसांजेला वास थेट पुढच्या ओटीवर येई. गौरीला फुलं कमी पडली, की वाडीतल्या बायका आधी या मागील दाराशी येत.

मृगाच्या सरी पडून माती मऊ झाली, की आजी कुदळ काढायची. गड्डे उकरायचे, कोयत्यानं त्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला निदान दोन डोळे ठेवायचे, हा तिचा नेम. चार-सहा तुकडे ती तिथेच पुन्हा लावी. उरलेले केळीच्या पानात गुंडाळून ओटीवर ठेवी. नवी सून असो, माहेरवाशीण असो की टपाल घेऊन आलेला पोस्टमन, येईल त्याच्या हातात एक पुडी. नको म्हणायला ती सवडच देत नसे.

मग आजी गेली. तिच्या दिवसांना जमलेल्या आत्यानं निघताना एक गड्डा मागितला. नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, एवढीच तर तिची आठवण उरली आहे. त्याला हात नको लावूस." आत्या मुकाट्यानं निघून गेली.

त्याचं आजीवर फार प्रेम होतं, यात शंका नाही. त्यानं सोनटक्क्याभोवती चिऱ्यांचा कट्टा बांधून घेतला. सोनटक्क्याच्या एका दांड्याला एकदाच घोस येतो, मग तो दांडा वाळतो. आजी असे दांडे बुडातून कापून टाकायची. नातवानं तेही कापू दिले नाहीत.

पहिल्या वर्षी सोनटक्का खूप फुलला. दुसऱ्या वर्षी कमी. चौथ्या वर्षी गौरी आल्या तेव्हा कट्ट्यात नुसती पानं होती. शेणखत घातलं, पाणी वाढवलं, पण पानंच तेवढी वाढली.

शेवटी पूजेसाठी फुलं मागायला तो शेजारच्या काकूंकडे गेला. त्यांच्या विहिरीकडेचा सोनटक्का नुसता पांढरा झाला होता.

"काकू, तुमचा कसा हो एवढा फुलतो?"

"तुझ्या आजीचाच आहे तो. मी लग्न होऊन आले, त्या पावसात तिनं पहिला गड्डा दिला मला. दोन-तीन वर्षांनी उकरून वाटून टाक, असं बजावलंनही होतं. तू वाटतोस ना?"

नातू खाली बघत राहिला.

"अरे, वाटायची म्हणून फुलायचा तो. तू सगळाच घरात ठेवलास. आतल्या आत दाटी झाली असेल त्याची."

पुढच्या मृगात त्यानं कट्ट्याचे चिरे काढले आणि कुदळ घातली. कुदळ मातीत गेलीच नाही, गड्ड्यांवरच आपटली. एकावर एक चढलेले, एकमेकांत पिळलेले गड्डे. मधले काळे पडून कुजले होते, त्यांना नवा कोंब फुटायला बोटभर जागा नव्हती. त्यानं एक गड्डा कोयत्यानं कापला आणि आल्यासारखा झणझणीत वास आला. जूनमध्ये आजीच्या हातांना हाच वास यायचा. चार वर्षं फुलांची राखण करताना हा वास त्याला एकदाही आला नव्हता. तो तिथेच चिखलात बसून राहिला.

मग त्यानं डोळे मोजून तुकडे केले. पाच तिथेच लावले. उरलेल्यांची टोपली भरली. पहिली पुडी घेऊन तो एस.टी.नं आत्याच्या गावी गेला. आत्यानं काही विचारलं नाही. पुडी उघडून एक डोळा अंगठ्यानं चाचपला आणि अंगणात खड्डा करायला उठली.

पुढल्या भाद्रपदात त्याच्या मागील दारी गौरीपुरती फुलं होती, आणि आत्याच्या अंगणातही.

तुमच्या परसात कुणाच्या हातचा सोनटक्का असेल, तर यंदा मृगाची पहिली सर पडली की एकदा कुदळ घालून बघा.