वाटूरच्या भाचीला, विमानातल्या खुर्चीबद्दल

वास्को, गोवा
१० नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवी,

तुझं पत्र पोचलं. फोन केला की आधी ताई घेते, मग दाजी घेतात आणि आपलं बोलणं राहूनच जातं, म्हणून मीही पत्रच लिहायला बसलो. दहावीनंतर नाशिकला मुलींच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत जायचं, तिथून एनडीए, आणि पुढे नौदलाचं लढाऊ विमान. हा बेत धरावा की सोडावा, असं तू विचारतेस. दाजींचं म्हणणंही लिहिलंस. कपाशीवर फवारणीला आता ड्रोन येतो, पोरगा बांधावर रिमोट घेऊन उभा असतो. तू शिकून तयार होईस्तोवर विमानात माणूस लागणारच नाही.

दाजींचं बोलणं हसण्यावारी नेऊ नकोस. १९५७ मध्ये इंग्लंडचे संरक्षणमंत्री डंकन सँड्स यांनी सरकारी श्वेतपत्रिकेत जवळपास हेच मांडलं होतं: क्षेपणास्त्रं आली, माणसाने चालवायच्या लढाऊ विमानांचा जमाना सरत आला. त्यावर भिस्त ठेवून कितीतरी विमानांचे आराखडे गुंडाळले गेले. आणि त्याच इंग्लंडमध्ये थोड्याच वर्षांत हॅरियर जन्माला आलं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या आरमाराची लाज त्याच्याच नौदली रूपाने, सी हॅरियरने, राखली, आणि १६ डिसेंबर १९८३ ला आपली पहिली तीन सी हॅरियर इथे दाबोळीला उतरली. ज्या विमानाच्या इंजिनात हात काळे करून मी संसार उभा केला, ते त्या भाकिताप्रमाणे व्हायलाच नको होतं. मे २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. बत्तीस वर्षांहून जास्त चालली.

तेव्हा भविष्य बघायचं तर मोबाइलवरच्या व्हिडिओत बघू नकोस, खरेदीच्या करारात बघ. देश कशावर पैसा लावतो त्यावरून पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं काम कळतं. २८ एप्रिल २०२५ ला आपण फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला, सुमारे ६३ हजार कोटींचा. शस्त्रं, प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल सगळं धरून. २२ एका आसनाची, ती विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडतील. ४ दोन आसनांची. ती जहाजावर उतरू शकत नाहीत, कारण फ्रेंचांनी नौदलाचं दुआसनी राफेल बनवलेलंच नाही. २०३० पर्यंत सगळी यायची आहेत. तुझं गणित मांड: खडकवासल्याला एनडीए, मग एझिमलाला नौदल अकादमी, मग उड्डाणाचं शिक्षण, म्हणजे खांद्यावर पट्टी आणि छातीवर पंख येईतो २०३४ उजाडेल. सी हॅरियरइतकं आयुष्य या विमानांना लाभलं, तर तुझी सगळी नोकरी त्यांच्यासोबत जाईल आणि तरी ती उरतील.

आता ड्रोनचं. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या एक्स-४७बी नावाच्या बिनमाणसाच्या विमानाने विमानवाहू जहाजावर उतरून दाखवलं. आमच्या हँगरात त्या दिवशी चहा थंड झाला होता. सगळे म्हणाले, संपलं. मग अमेरिकेने त्याचं काय केलं? लढाऊ ड्रोनचा बेत बाजूला ठेवला आणि दुसऱ्या विमानांना हवेत इंधन पाजणारा ड्रोन मागवला. उलटं उदाहरण तुर्कस्तानचं. त्यांच्या अनादोलू जहाजावर एफ-३५ यायची होती, २०१९ मध्ये अमेरिकेने त्यांना त्या योजनेतून काढलं, तेव्हा त्यांनी त्याच डेकवर ड्रोन आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचा टीबी-३ तिथून उडाला आणि परत उतरलाही. ड्रोन आला तो विमान नको म्हणून नव्हे, विमान मिळालं नाही म्हणून. पण आला, आणि चालला, हेही विसरू नकोस.

ड्रोन स्वस्त, हा समजही अर्धाच खरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण ३१ एमक्यू-९बी मागवले, १५ नौदलाचे, आणि बिल बत्तीस हजार कोटींच्या घरात. एकेक हजार कोटींचा ड्रोन. तो तासन् तास समुद्रावर घिरट्या घालून जहाजं हेरेल, आणि ते काम तो माणसापेक्षा सरस करेल. त्यात माझा वाद नाही. पण तो विक्रांतवरून उडत नाही, आणि समोर शत्रूचं लढाऊ विमान आलं तर त्याला पळताही येत नाही. दाजींच्या वावरातला पोरगा बांधावर उभा असतो, ड्रोन त्याच्या डोळ्यांसमोर असतो, वारा सुटला की तो खाली उतरवतो. समुद्रात तो बांध म्हणजे हजार किलोमीटरवरचा किनारा, आणि शत्रू मुद्दाम तुमचा रेडिओ दाबायला बसलेला. संपर्क तुटल्यावर समोरचं जहाज बुडवायचं की सोडायचं, हे कोणी ठरवायचं? मला वाटतं, तुझ्या वयात हे ठरवणारी व्यक्ती विमानात बसलेली असेल आणि तिच्या आजूबाजूला दोन-चार बिनमाणसाची विमानं तिच्या हुकमावर चालतील. एचएएल असलंच ‘वॉरियर’ नावाचं जोडीदार विमान घडवतं आहे. म्हणजे खुर्ची राहील, तिच्यातलं काम बदलेल. हातापेक्षा डोकं जास्त लागेल.

मग काळजीचं कारणच नाही का? आहे, पण ते दाजी सांगतात ते नाही. खुर्ची ड्रोन खात नाही, उशीर खातो. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबरला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली आणि २९ उरल्या. १२६ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, नऊ वर्षांनी आली ती ३६ विमानांची खरेदी. तेजस मार्क-१ए ची पहिली ८३ विमानं २०२१ मध्ये मागवली, ती अमेरिकेहून इंजिनं वेळेवर न आल्याने अडली. गेल्या महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरला एचएएलच्या नव्या साखळीतून पहिलं तेजस उडालं. तुझ्या नाशिकच्या संस्थेपासून ओझर जवळच आहे, कधीतरी आवाज कानावर येईल. इथली, नौदलाची गोष्टही तशीच. रशियाकडून आपण ४५ मिग-२९के घेतली. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात त्यांची उडण्याजोगी असण्याची टक्केवारी १६ ते ३८ च्या दरम्यान नोंदलेली आहे. म्हणजे शंभर दिवसांतले साठाहून जास्त दिवस विमान हँगरात आणि वैमानिक जमिनीवर.

आणि नुसत्या कर्तबगारीने विमान खरेदी होत नाही, हेही आत्ताच समजून घे. ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचं तेजस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवलं. त्याआधी इथल्या हंसा तळावर जमिनीवरच डेक उभारून, उतारावरून उडी आणि तारेला हूक अडकवून थांबणं, असा वर्षानुवर्षं सराव चालला होता. डेकवर उतरताना चाकं टेकली की वैमानिक इंजिन बंद करत नाही, पूर्ण जोर देतो. हूक हुकलाच तर पुन्हा उडता यावं म्हणून. हे धाडस मराठी नावावर आहे, याचा मला अभिमान आहे. पण एका इंजिनाचं हे विमान जहाजावरच्या कामाला कमी पडतं, असं नौदलाने २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं. दोन इंजिनांचं देशी विमान अजून कागदावर आहे. ते कधी येईल यावर आपली स्वप्नं टांगू नकोस.

म्हणून बेत धर, पण नुसता खुर्चीचा धरू नकोस. एनडीएच्या एका तुकडीत नौदलाच्या वाट्याला ४२ जागा, त्यात मुलींच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यातून विमान मिळेल की जहाज, हे नौदल ठरवतं. त्यातून लढाऊ विमान एखाद्यालाच. आस्था पुनिया यंदा जुलैमध्ये नौदलाच्या लढाऊ शाखेत निवडली गेलेली पहिली मुलगी, म्हणजे दार उघडलं आहे. पण ते रुंद झालेलं नाही. लढाऊ विमान मिळालं नाही तर पाणबुड्या शोधणारं पी-८आय आहे, एमएच-६० आर हेलिकॉप्टर आहे, ड्रोनचं नियंत्रण आहे. ही कामं कमी प्रतीची मानणारा माणूस भेटला, तर तो कधी समुद्रावर गेलेला नाही असं समज.

तोवर करायचं काय? गणित आणि भौतिकशास्त्र, हे तुला कोणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळं: रात्री अंथरुणात मोबाइल बघणं आजपासून बंद. चष्मा लागला की वैमानिकाच्या तपासणीत अडचण येते, आणि तिथे मामाची ओळख चालत नाही. मे महिन्यात इकडे ये. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर उभी आहेत. पाटी वाचून पुढे जायचं नाही. सी हॅरियरच्या हवा घेणाऱ्या तोंडासमोर उभी राहा, धडाच्या दोन्ही बाजूंच्या फिरत्या नळ्या बघ, आणि ते जागच्या जागी कसं उभं राहत असेल ते मला तू समजावून सांग.

दाजींना माझा निरोप: पोरीला अडवू नका, पण खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांडा. यंदाच्या अतिवृष्टीत हातचं पीक गेलं ते तिने डोळ्यांनी बघितलंय, तिला आकडे कळतात. आणि तुला पोहता येत नाही, असं ताईने सांगितलं. नौदलात जायचं म्हणतेस आणि पोहता येत नाही! यंदा पावसाने विहिरी काठोकाठ आहेत, मार्चमध्ये तळ दिसेल. पाठीला डबा बांध, काकाला काठावर उभा कर आणि येत्या रविवारी उतर.

तुझा
मामा