चूक कोणाची?



घरभेटींच्या वेळी एका चाळीत आम्हाला चार वर्षांची मुलगी भेटली. तिच्या उजव्या हातावर उकळती पेज सांडली होती. जीव वाचला, पण भाजलेली कातडी आखडल्याने कोपर सरळ होत नाही. "माझंच चुकलं, फादर," आई म्हणाली. आम्ही सवयीने म्हणालो, "देवाची इच्छा, बाय." परतताना आमचेच उत्तर आम्हाला टोचू लागले.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक दोषी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच 'नाही' म्हटले (लूक 13:4-5). तो बुरूज कच्चा का राहिला, हे शुभवर्तमानात नाही. पण जुन्या करारात आज्ञा आहे की नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो (अनुवाद 22:8). पडणाऱ्याने जपून चालावे, असे तेथे म्हटलेले नाही.

निष्काळजीपणा नसतोच काय? असतो. आमच्या निवासातही दूध उतू जाते. पण आमची शेगडी कमरेएवढ्या ओट्यावर आहे. त्या खोलीत ती जमिनीवर, आणि तीच खोली स्वयंपाकाची, झोपायची, मुलांच्या खेळण्याची. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे, असे डॉक्टर सांगतात. त्या चाळीत नळ सकाळी तासभर येतो. शेजारणीने टूथपेस्ट लावली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर भाजतात. गरिबी आणि दाटीवाटी ही कारणे ती संघटनाच सांगते. मेलेल्याच्या दफनाला सारा धर्मग्राम जमतो. वाचलेल्याचे बुडालेले रोज आणि व्याजाने काढलेले पैसे मात्र त्याच्या घरातच राहतात.

अपेक्षेबाहेर घडते ते दुर्दैव, आधी कळण्याजोगे असते ती चूक, असा भेद ॲरिस्टॉटलने केला होता. जमिनीवरच्या शेगडीपाशी मूल कधीतरी भाजणार, हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. मग चूक कोणाची? आईची थोडी असेल. ओटा न बांधता भाडे घेणाऱ्याची? त्या खोलीत कितीदा प्रार्थना करून शेगडीकडे न पाहणाऱ्या आमची? देवाची इच्छा तर कठड्याच्या आज्ञेतच लिहिली होती.

ओटा बांधायला घरमालकाने होकार दिला आहे. कडप्पा आणि विटा मिळाल्या आहेत. गवंडीकाम जाणणाऱ्यांनी आज दुसऱ्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे. कोपराच्या उपचारांच्या खर्चाविषयी संत विन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद दाराशी उभे असतील.