वाचणाराचे पाऊल

मराठीत 'वाचणे' हे एकच क्रियापद आपण किती कामांना जुंपले आहे, याचा प्रत्यय शिक्षकाला रोज येतो. मुलगा धडा वाचतो, आजोबा वर्तमानपत्र वाचतात, आजी पोथी वाचते, आणि कचेरीतला साहेब अर्ज न वाचताच 'वाचला' असा शेरा मारतो. या चारही माणसांचे काम एकच आहे असे कोण म्हणेल? शब्द मात्र एकच. त्याचे मूळ संस्कृतातल्या 'वच्' या धातूत, म्हणजे बोलण्यात आहे. मुकाट्याने ओळींवरून नजर फिरवणे हा त्याचा पुढे रुळलेला अर्थ. आधी होता तो उच्चार.

अरबी भाषेत मात्र धर्मग्रंथ वाचण्यासाठी एक नव्हे, तर अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळे चित्र आहे. मी काही अरबीचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठीचा मास्तर आहे. आमच्या शाळेतील उर्दूच्या मास्तरांबरोबर मधल्या सुटीत चहा घेता घेता हे शब्द कानांवर पडले, आणि मग त्यांचा माग काढण्याचा मला छंदच लागला. शब्दांच्या मागे जाता जाता एक प्रश्न पुढे उभा राहिला : ज्याचा अर्थ कळत नाही ते वाचणे, याला वाचणे म्हणावे काय? हा प्रश्न केवळ कुराणाचा नाही. आपल्याकडच्या कित्येक देवघरांचाही आहे.

पहिला शब्द 'इक्रा'. इ. स. ६१० च्या सुमारास, मक्केजवळच्या हिरा नावाच्या डोंगरातील गुहेत, चाळीस वर्षांच्या मुहंमदांना जिब्रील या देवदूताने हाच शब्द ऐकवला, असे परंपरा सांगते. 'इक्रा' म्हणजे वाच. पण त्याचबरोबर म्हण, मोठ्याने उच्चार. 'मला वाचता येत नाही' असे त्यांनी उत्तर दिले, असे ही कथा सांगते. तिच्या सर्वांत प्रचलित रूपात त्यांच्यापुढे लिहिलेला कागद ठेवल्याचा उल्लेखही नाही. तेव्हा येथे वाचणे याचा अर्थ ऐकलेले आपल्या वाणीने पुन्हा म्हणणे असाच घ्यावा लागतो. 'कुराण' हे नावही याच धातूपासून आलेले, म्हणजे उच्चारून वाचायचे ते. गंमत अशी की, त्याच पहिल्या आयतींत लेखणीचाही गौरव आहे. वाणी आणि लेखणी अशा एका दिवशीच जन्मल्या. त्यांचे सख्य टिकवायला मात्र फार कष्ट पडले.

ते कसे, याचे एक उदाहरण मराठी वाचकाला चटकन कळेल. खलिफा उस्मान यांच्या काळात, सातव्या शतकाच्या मध्यास, कुराणाची प्रमाण प्रत तयार झाली. त्या वेळच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नसत. कित्येक अक्षरांवर नुक्तेही नसत. नुसत्या पानावरून नेमका उच्चार कळणे कठीण. पहिल्याच अध्यायात, निवाड्याच्या दिवसाचा जो स्वामी, त्याच्यासाठी आलेला शब्द काही पाठांत 'मालिक' असा म्हणतात, तर काहींत 'मलिक' असा. मालिक म्हणजे धनी आणि मलिक म्हणजे राजा, हे आपल्याला कोशाशिवाय ठाऊक आहे. दोन्ही पाठ मान्य आहेत, कारण दोन्ही गुरुमुखातून आलेले आहेत. इ. स. ९३६ मध्ये वारलेले बगदादचे इब्न मुजाहिद यांनी अशा सात पाठपरंपरा ग्रथित केल्या. पुस्तक हाती असले तरी वाचन शिकायचे ते जिवंत माणसाच्या तोंडून, असा हा दंडक आहे. आपल्या वेदपाठशाळांतून निराळे काय चालते?

दुसरा शब्द 'तर्तील'. त्र्याहत्तराव्या अध्यायात रात्री उठून कुराण म्हणण्याची जी आज्ञा आहे, तीत हा शब्द येतो. अरबीत सुबक दंतपंक्तीला, ज्यात दातादातांत नेमकी फट असते, याच धातूतले विशेषण लावतात. दात एकमेकांवर चढलेले नसावेत, तसे शब्दही एकमेकांवर चढू नयेत. वर्गात 'आटप लवकर, तास संपत आला' असे मास्तर म्हणाला की मुलाचा धडा कसा धावत सुटतो, ते मी पाहतो. तर्तील म्हणजे याच्या उलट : प्रत्येक अक्षराला त्याची जागा आणि प्रत्येक विरामाला त्याचा वेळ.

आणि विराम म्हणजे नुसता श्वास घेणे नव्हे. तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या आयतीत, ग्रंथातल्या गूढ वचनांचा अर्थ ईश्वराला ठाऊक आहे असे सांगून पुढे ज्ञानात मुरलेल्या माणसांचा उल्लेख येतो. ईश्वराच्या नावाशी थांबलात तर अर्थ फक्त त्यालाच ठाऊक. न थांबता पुढे गेलात तर त्या ज्ञानी माणसांनाही ठाऊक. दोन्ही बाजूंना मोठमोठे भाष्यकार उभे आहेत. माणसाला किती समजू शकते हा एवढा मोठा प्रश्न, आणि त्याचा निकाल वाचणारा कोठे श्वास घेतो यावर! अर्थ माहीत नसलेला वाचकही तेथे थांबतो किंवा थांबत नाही, आणि नकळत एक पक्ष घेऊन मोकळा होतो.

तिसरा शब्द 'दर्स', म्हणजे अभ्यास. मदरसा हा शब्द त्यातूनच निघाला. याच धातूचा अर्थ धान्य मळणे असाही आहे, आणि कपडा वापरून वापरून विरणे असाही. वाळवंटात उठून गेलेल्या तळाच्या पुसट खुणांनाही जुने अरबी कवी याच धातूतला शब्द लावत. खळ्यावर मळणी पाहिलेल्या माणसाला यावर भाष्य नको. बैल त्याच त्या वाटेने फिरत राहतात आणि कणसातून दाणा सुटतो. घोकंपट्टीची आपण यथेच्छ टिंगल करतो; पण मळल्यावाचून दाणा मिळत नाही, हेही खरेच. मात्र दाणा सुटल्यावरही जो बैल फिरवतच राहतो, त्याला शेतकरी म्हणता येणार नाही.

आणि आता ज्या शब्दासाठी हा प्रपंच मांडला तो : 'तिलावत'. कुराणपठणाला आपल्याकडचे मुसलमान बंधू बहुधा हाच शब्द वापरतात. त्याचा धातू म्हणजे मागोमाग जाणे. एक्याण्णवाव्या अध्यायाच्या आरंभी सूर्याची शपथ आहे आणि मग त्याच्यामागून येणाऱ्या चंद्राची. तेथे चंद्राच्या मागून येण्याला जे क्रियापद आहे, तेच पठणालाही आहे. एका शब्दामागून दुसरा शब्द जातो म्हणून ती तिलावत. आणि वाचणाराचे पाऊल वाचलेल्याच्या मागून पडते म्हणूनही ती तिलावतच, असे जुन्या जाणकारांनी म्हटले आहे.

आता मूळ प्रश्न. उर्दूच्या मास्तरांच्या आई रोज पहाटे कुराण वाचतात. अक्षरे लागतात, अरबी समजत नाही. त्यांचा कॉलेजात जाणारा नातू एकदा म्हणाला, "दादी, अर्थ कळत नाही, तर वाचतेस कशाला?" घरात सगळे गप्प झाले. म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "बाळा, सकाळी ज्या तोंडानं हे वाचलं, त्या तोंडानं दिवसभर कुणाला शिवी द्यायची लाज वाटते."

नातवाचा प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. तो खुद्द कुराणातच आहे. हे लोक यावर विचार का करीत नाहीत, असे तो ग्रंथ पुन्हा पुन्हा विचारतो. तेथला शब्द 'तदब्बुर'. त्याच्या मुळाशी पाठीमागची बाजू, शेवट, हा अर्थ आहे. गोष्टीच्या शेवटापर्यंत, परिणामापर्यंत जाऊन पाहणे म्हणजे तदब्बुर. ग्रंथ हाती येऊनही ज्यांनी तो पेलला नाही, त्यांना बासष्टाव्या अध्यायात पुस्तके वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. आपल्या सुश्रुतानेही अर्थ न जाणता शास्त्रे पढणाऱ्याला चंदनाचा भारा वाहणारे गाढव म्हटले आहे, आणि अर्थावाचून वेद शिकणारा यास्काच्या निरुक्तात ओझे वाहणारा खांब ठरला आहे. एवढ्या दूरदूरच्या शहाण्यांचे जेथे एकमत होते, तेथे आपण वाद घालण्यात अर्थ नाही.

पण परंपरेचा दुसरा पारडाही तितकाच जड आहे. कुराणातल्या प्रत्येक अक्षराच्या पठणाला पुण्य आहे, असे पैगंबरांचे एक वचन सांगतात, आणि त्यात उदाहरण दिले आहे ते अलिफ, लाम, मीम या तीन अक्षरांचे. कुराणाच्या एकोणतीस अध्यायांच्या आरंभी अशी सुटी अक्षरे येतात आणि त्यांचा निश्चित अर्थ मोठमोठ्या पंडितांनीही ईश्वरावर सोडला आहे. म्हणजे उदाहरणच असे निवडले, की जेथे पंडित आणि दादी एका पायरीवर उभे राहतात! अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य, असेही एक वचन आहे. ज्याने हे सांगितले त्याला शाळेतल्या मागच्या बाकाची चांगली ओळख असली पाहिजे.

या दोन पारड्यांमध्ये उभे राहून काय करावे, याचा धडा मला विनोबांच्या चरित्रात सापडतो. संस्कृत गीता आपल्याला समजत नाही, ही त्यांच्या आईची व्यथा होती. ती त्यांनी मनात धरली आणि पुढे मराठीत 'गीताई' आली. ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. आई १९१८ मध्येच गेली होती. पण हेच विनोबा कुराणाकडे वळले तेव्हा भाषांतरावर थांबले नाहीत. अरबी शिकले, मूळ कुराण वाचू लागले, आणि मग त्यातून निवडक वचनांचे सार काढले. अर्थ कळला पाहिजे म्हणून गीता मराठीत आणणारा आणि मूळ उच्चार कळला पाहिजे म्हणून अरबी शिकणारा माणूस एकच होता.

मला वाटते, अर्थावाचून केलेले पठण ही एक उचल आहे. ती घेण्यात लाज नाही. फेडायची आहे हे विसरण्यात आहे. दादी ती आपल्या परीने फेडते, जीभ सांभाळून. अर्थाला ती 'तिलावत'च्या वाटेने पोहोचली, म्हणजे पायांनी. उलट, अर्थ पाठ असलेली आणि पाऊल भलतीकडे टाकणारी माणसे कोणी पाहिली नाहीत? त्यांनाही ती उचल फेडायचीच आहे. मात्र दादीचे उत्तर ऐकून नातवाने आपला प्रश्न सोडून द्यावा, असे मी म्हणणार नाही. मास्तर सांगत होते की, त्याने नंतर एक भाषांतर घरात आणले. हल्ली दादी वाचतात तेव्हा कधी कधी तो ते उघडून शेजारी बसतो. त्या मध्येच थांबतात आणि विचारतात, "इथं काय म्हटलंय रे?"

दिवाळीच्या सुटीत घरोघरी माणसे जमतात. देवघरात कुठे पोथी उघडते, कुठे स्तोत्र म्हटले जाते. मुलांनी या वेळी आजीला एखाद्या ओवीचा अर्थ विचारावा. तिला तो येत नसेल तर दोघांनी मिळून शोधावा. आणि आजीनेही नातवंडांना एक पान मोठ्याने वाचायला लावावे, दातांतल्या फटींइतके जपून, घाई न करता. मग फराळाला बसावे. चकल्या तेवढ्या वेळात काही मऊ पडत नाहीत.