जोड्याची परीक्षा

आमचा एक पुतण्या पुण्यास असतो. नोकरी संगणकाची, आणि नाद डोंगरांतून धांवण्याचा. आठवड्यांतून एकदां तरी सिंहगड चढून उतरल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. गेल्या पौषांत तो प्रताप नगरांतील आमच्या घरीं आला, तेव्हां आमच्यासाठीं एक जोडा घेऊन आला. डोंगरवाटेवर धांवण्यासाठीं मुद्दाम केलेला, आणि टांचेखालीं चांगली पावणेचार सेंटिमीटर जाडीची मऊ गादी असलेला. "काका, तुमचे गुडघे दुखतात. महिनाभर हा घालून फिरा, आणि कसा वाटतो तें मला खरेंखरें सांगा," असें म्हणून तो परत गेला.

जन्मभर तर्कशास्त्र शिकविलेल्या मनुष्यास 'खरेंखरें सांगा' असें म्हणणें धोक्याचें असतें. तुलनेवांचून परीक्षा होत नाहीं, म्हणून एक दिवस जोडा आणि एक दिवस आमची जुनी कोल्हापुरी वहाण, असा क्रम आम्हीं ठरविला. वाट दोहोंस एकच. रोज घरापासून माटे चौकावरून अंबाझरीच्या तलावाकडे जाणारा कठीण रस्ता. आणि सुटीच्या दिवशीं मोटारीनें सेमिनरी हिल्सपर्यंत जाऊन तेथील मुरमाची व सुट्या दगडांची पायवाट. या टेकड्यांस आम्ही नागपूरकर मोठ्या अभिमानानें 'हिल्स' म्हणतों, त्याचें पुतण्यास हंसूं येतें. परंतु दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणाचा सिंहगड झाला आहे, त्याच पाषाणाची पूर्वेकडील कड नागपुरापाशीं येऊन संपते, एवढी सोयरीक आम्ही त्यास ऐकवूं शकतों.

पहिल्या आठवड्यांत जोड्यानें आम्हांस पुरतें जिंकलें. रस्ता कठीण आहे हें आमचे गुडघे विसरले. वहाणेनें ज्या अंतरास पाऊण तास लागे, तें चाळीस मिनिटांत तुटूं लागलें. आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, आसपास कोणी विद्यार्थी नाहीं असें पाहून, आम्ही शंभर-दोनशें पावलें धांवलोंही. हितोपदेशांत संतोषाची थोरवी सांगतांना असा दृष्टान्त दिला आहे, कीं ज्याच्या पायांत जोडा आहे त्यास सारी पृथ्वी चामड्यानें मढविल्यासारखीच असते. या श्लोकाचा अर्थ आम्हांस मुंजीच्या वयापासून ठाऊक होता. पायांस तो त्या आठवड्यांत कळला.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र शंका येऊं लागल्या. पहिली शंका आमच्या गृहिणीनें काढली. "हल्लीं तुम्ही जिना उतरतां तें खालीं ऐकूं येतें," ती म्हणाली, "पूर्वीं कधीं येत नसे." मऊ जोड्याचा आवाज वहाणेपेक्षां मोठा व्हावा हें तर्कास धरून नव्हतें, म्हणून आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें. परंतु दुसऱ्या दिवशीं आपल्याच पावलांकडे लक्ष देऊन जिना उतरलों, तेव्हां तिचें म्हणणें खरें आढळलें. वहाण असतां आमचें पाऊल पायरीवर ठेवलें जाई; जोडा असतां तें टाकलें जाई. त्या रविवारीं टेकडीच्या उतारावर एक सुटा दगड पायाखालीं आला. तो आला हें पायास कळलेंच नाहीं. उंच गादीवरून पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडलें, आणि घोटा चार दिवस सुजून राहिला. घरीं येऊन जोड्याचा तळ पाहिला, तों त्यांत बाभळीचा बोटभर कांटा रुतलेला. किती वेळ तो आमच्याबरोबर फिरत होता कोण जाणे!

झालें. आमच्या मनांत जोड्याविरुद्ध एक सबंध निबंध तयार झाला, आणि शोधूं गेल्यावर त्यास पुरावाही मिळाला. १९९७ सालीं 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकांत रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानें एक प्रयोग प्रसिद्ध केला आहे. पंधरा तरुणांस साडेचार सेंटिमीटर उंचीवरून अनवाणी एका पाटावर उतरावयास लाविलें. पाटावर जोड्याच्या तळाचेंच द्रव्य पसरलेलें होतें, तें प्रत्येक वेळीं एकच; फक्त दिसावयास निराळें केलेलें आणि त्याची वाखाणणी निराळी. एकदां सांगितलें कीं हें धक्का उत्तम झेलतें, एकदां सांगितलें कीं हें वाईट आहे, इजा होईल, आणि एकदां सांगितलें कीं याचे गुण कोणास ठाऊक नाहींत. ज्या पाटाविषयीं भय घातलें होतें, त्यावर पावलें हलकीं पडलीं. ज्याची स्तुति केली होती, त्यावर जोरानें आदळलीं. म्हणजे गादी तळव्याखालीं असण्यापूर्वीं ती मनांत असते, आणि मनांतली गादीच पावलाचा तोल बिघडविते. आमचा जिना आम्हांस तत्काळ आठवला. आमच्या पावलाचा आवाज आम्हांस ऐकूं येत नव्हता; तो खालीं असणारांस ऐकूं येत होता. महिन्याच्या महिन्यास वेतन घेणाऱ्या, पुढें निवृत्तिवेतनाची खात्री असलेल्या आमच्यासारख्या माणसांचीं इतर पावलेंही अशींच पडत असतील काय, हा विचार मनांत आला, आणि सुखाचा नव्हता.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणेंही नमूद केलें पाहिजे. २००९ सालीं क्रिस्टोफर मॅक्डुगल यांचें 'बॉर्न टु रन' हें पुस्तक निघालें आणि अनवाणी धांवण्याची एक लाटच अमेरिकेंत उसळली. गंमत अशी कीं त्याच सालीं फ्रान्सांत दोघां डोंगरधांव्यांनीं 'होका' नांवाची कंपनी काढून जगांतील सर्वांत जाड गाद्यांचे जोडे विकावयास आरंभ केला. कोण जिंकलें? लक्झेंबर्ग येथें आठशेंहून अधिक धांवणारांस, कोणास कोणता तें न कळूं देतां, मऊ व कठीण जोडे वांटून केलेली पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तींत कठीण तळाच्या जोड्यांनींच अधिक इजा झाल्याचें दिसलें. आबेबे बिकिला १९६० सालीं रोममध्यें अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकला हें सर्वांस ठाऊक असतें. १९६४ सालीं टोकियोंत तोच बिकिला जोडे घालून पुन्हां जिंकला, हें सांगावयास अनवाणी पक्षाचे लोक विसरतात.

आणि अनवाणी पायाची थोरवी गातांना एक गोष्ट आमच्या वर्गास बोचावयास हवी. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर जे शर्यतीचे गडी दोराबजी टाटांनीं अनवाणी धांवतांना पाहिले, त्यांनीं कांहीं तत्त्वज्ञान म्हणून जोडे टाकलेले नव्हते. पुढच्याच सालीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकांत मॅरेथॉन धांवून एकोणिसावे आले. आमच्या काळांत बारामतीकडच्या लता करे या वृद्ध बाई नऊवारी लुगडें नेसून अनवाणी धांवल्या, आणि जिंकल्या. त्या पतीच्या औषधोपचारास पैसा नव्हता म्हणून धांवल्या. त्या पायांचें कौतुक करणें वेगळें, आणि मऊ जोडा खुंटीस टांगून त्यांचा कित्ता गिरविण्याची ऐट आणणें वेगळें.

इतका विचार करूनही निबंधाचा निकाल जोड्याविरुद्धच जाणार होता, कारण सुटा दगड आणि बाभळीचा कांटा हे दोन साक्षीदार आमच्या बाजूस होते. तिसऱ्या आठवड्यांत, वहाणेच्या दिवशीं, आम्ही टेकडीवरून परत आलों. वाटेनें मन प्रसन्न होतें. पाय पुन्हां जमिनीशीं बोलूं लागले, असें एक वाक्यही जुळविलें होतें. वहाण काढून आम्ही आंत गेलों, आणि मागून गृहिणीनें हांक मारली, "अहो, पायाला काय लागलें?" फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत रक्ताचे ठिपके होते. वहाणेच्या झिजलेल्या टांचेंतून आरपार कांटा गेला होता, आणि डाव्या पायाच्या टांचेंत शिरला होता. आम्हांस त्याची गंधवार्ताही नव्हती.

मधुमेह आम्हांस अकरा वर्षें आहे. डॉक्टरांनीं जखम साफ केली, आणि मग डोळे मिटावयास सांगितलें. दहा ग्रॅम भारानें वांकणारा नायलॉनचा एक ताठ धागा ते तळव्यास टेंकविणार, आणि तो लागला कीं आम्हीं 'हो' म्हणावयाचें. उजव्या पायावर एखादें ठिकाण चुकलें. डाव्या पायाची आम्ही वाट पाहत राहिलों. "केव्हां सुरू करतां?" असें शेवटीं आम्हींच विचारलें. "सर," ते म्हणाले, "तीन ठिकाणीं टेंकवून झालें."

म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल आम्हीं जोड्यास आरोपी केलें होतें, त्यांत आमचा पायही सामील होता. दगड कळला नाहीं, कांटा कळला नाहीं, तो केवळ गादीमुळेंच कळला नाहीं, असें आतां आम्हांस म्हणतां येत नव्हतें. ज्याच्या जोरावर आम्ही मऊपणाचा धिक्कार करीत होतों, तें वेदनेचें ज्ञानच आमच्यापाशीं पुरतें शिल्लक नव्हतें.

आमच्या विदर्भास ही गोष्ट नवीन नसावी. १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपुरास कुष्ठसेवेचें काम मांडलें. पुढें बाबा आमट्यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. फार वर्षांपूर्वीं कॉलेजच्या मुलांस घेऊन आम्ही आनंदवनास गेलों होतों. तेथें कांहीं जणांच्या पायांत जाड, मऊ रबराच्या काळ्या चपला होत्या, त्या आम्हीं पाहिल्या आणि विसरलों. आतां त्या आठवल्या. कुष्ठरोग्याचीं बोटें झडतात तीं रोगानें मांस सडून नव्हे, तर बधिर झालेल्या अवयवास झालेल्या इजा न कळल्यामुळें, हें वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत पॉल ब्रँड या शल्यवैद्यानें दाखवून दिलें. अशा पायांसाठीं मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला करविण्यांतही त्याचाच पुढाकार होता. वेदना ही देणगी आहे, असें सांगणारें पुस्तकही त्यानेंच १९९३ सालीं लिहिलें. ज्यानें वेदनेची सर्वांत मोठी स्तुति केली, त्यानेंच पायाखालीं गादी घातली! यांत विसंगति आहे असें तीन आठवड्यांपूर्वीं आम्हीं वर्गांत फळ्यावर लिहून दाखविलें असतें.

विसंगति नाहीं, कारण ब्रँडच्या रुग्णांस गादीबरोबर एक कामही मिळत असे. रोज हातपाय डोळ्यांनीं तपासावयाचे. पाय जी बातमी आणीत नाहीं, ती डोळ्यांनीं जाऊन आणावयाची. आमच्या पंधरा दिवसांच्या सुखांत हेंच काम नेमकें कोणी करीत नव्हतें. गादीनें धक्का झेलला, तेव्हां लक्ष देण्याचें काम तिनें आपणांकडे घेतलें असें आम्ही समजलों. तिनें तें घेतलें नव्हतें, आम्हीं टाकलें होतें. धडधाकट पायाच्या तरुणानें थोडे खडे सोसावे कीं नाहीं, हा वाद पुतण्याच्या पिढीनें खुशाल करावा. आम्हांस तो पर्याय उरला नाहीं.

डॉक्टरांनीं वहाण बंद केली आहे, आणि उन्हाळ्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाण्याचीही मनाई केली आहे. वैशाखांत नागपुरास ती फरशी काय असते हें आम्हांस ठाऊक आहे. आतां तें पायास ठाऊक असेल याची खात्री नाहीं. जोडा घालण्यापूर्वीं तो उपडा करून झटकावयाचा, आंत हात घालून पाहावयाचें, आणि रात्रीं आरसा जमिनीवर ठेवून तळवे न्याहाळावयाचे. डाव्या टांचेचा मागचा भाग आरशांत नीट दिसत नाहीं. तो गृहिणी पाहते. जिना उतरतांना आवाज आला तर खालून तसें सांगण्याचेंही तिनें कबूल केलें आहे, आणि तें काम ती जरा अधिकच उत्साहानें करते.

पुतण्यास उत्तर लिहावयाचें होतें. जोडा चांगला आहे, गुडघ्यांस आराम आहे, उतारावर मात्र घोटा सांभाळावा लागतो, एवढें आम्हीं लिहिलें. पत्र मिटतांना आठवलें कीं त्याचा बाप, आमचा धाकटा भाऊ, यासही साखर आहे, आणि पहांटे पर्वतीवर अनवाणी चढण्याचा त्याचा वीस वर्षांचा नेम आहे. पत्र पुन्हां उघडून खालीं एक ओळ घातली: "बाबांचे पाय या आठवड्यांतच तपासून घे. त्यांना विचारूं नकोस. ते 'कांहीं होत नाहीं' म्हणतील."