आधी शिलाई, मग मजकूर

वार्षिक परीक्षा संपली की पूर्वी घरोघर एक काम ठरलेले असायचे. सरलेल्या वर्षाच्या वह्या काढायच्या, त्यांतली कोरी पाने अलगद सोडवायची आणि दाभणाने भोके पाडून त्यांचीच नवी रफ वही शिवायची. अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे निम्मे संसार पावसाच्या लहरीवर चालतात, तिथे कोरे पान टाकून देणे परवडतही नव्हते आणि मनाला पटतही नव्हते. वर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर जुन्या कॅलेंडरचे पान आणि चिकटवायला पिठाची खळ. एकाच वहीत चार पाने दुरेघी, पुढची चौकटीची, मधेच आखणी नसलेली. मुले त्यातही सोय शोधत. गणित आले की चौकटींकडे वळायचे, चित्र काढावेसे वाटले की कोऱ्याकडे.

वह्या दुकानात सहज मिळू लागल्या तशी ही रीत मागे पडली. आता ती वेगळ्या वाटेने परत येते आहे. हौशी माणसे पुठ्ठा, रंगीत कागद, जाड दोरा, कापडाचे तुकडे असे साहित्य जमवून घरी वह्या बांधू लागली आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. या छंदाला फार काही लागतही नाही. कापड बाजारातून आणलेल्या ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा, एक दाभण, एक सुई, मेण, दोरा आणि कागद, एवढ्यावर पहिली वही होते.

वही शिवताना एक विचार हटकून येतो. पुस्तकात मजकूर आधी असतो, बांधणी मागाहून होते. कुणीतरी लिहिते, कुणीतरी छापते आणि सगळ्यांत शेवटी बाइंडरचा हात लागतो. वहीचे बरोबर उलटे. इथे बांधणी आधी होते आणि मजकूर कुठेच नसतो, अगदी मनातही नसतो. जे अजून सुचलेले नाही, त्याच्यासाठी आपण सुईत दोरा ओवत असतो. असे काम माणूस भरवशाशिवाय करू शकत नाही.

काम तसे सोपे, पण घाई न खपणारे. चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की आठ पाने होतात, सोळा पृष्ठे. बाइंडर मंडळी अशा एका घडीला जुज म्हणतात आणि असे जुज ओळीने शिवत जाण्याला जुजबंदी. दुमडण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहावा. गिरणीतल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पसरलेले असतात, म्हणून एका बाजूने तो निमूट वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडून बसतो. निमूट वळतो त्या दिशेलाच वहीची घडी हवी, नाहीतर ती कधीच नीट उघडी राहत नाही. घडी चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावी. भोके आतून बाहेर पाडावीत, नेमकी घडीच्या रेषेवर. दोरा मेणावरून दोनदा ओढला की गुंतत नाही आणि कागदात धरून बसतो. एक जुज शिवून झाला की दुसरा त्याच्यावर ठेवायचा आणि टोकाला आले की सुई खालच्या जुजाच्या टाक्यात अडकवून मग वर न्यायची. पाने खरी जोडली जातात ती या अडकवण्याने. आणि ताण द्यायचा तो वहीच्या पाठीला समांतर. दोरा आपल्याकडे सरळ ओढला की भोक चिरत जाते. ताण जास्त झाला तर कागद फाटतो, कमी पडला तर वही हातात खुळखुळते. बरोबर ताण किती, हे सांगून समजत नाही. दोन-तीन जुज झाले की बोटांना आपोआप कळते.

या घडीत एक गंमत आहे. जुजाचे पहिले पान आणि शेवटचे पान हा एकच कागद असतो. दुसरे पान आणि शेवटून दुसरे, हाही एकच. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, कारण पान हवे असले की आपण ते वहीच्या मधूनच काढायचो. कडेचे एक पान फाडले तर काही दिवसांनी त्याचा जोडीदार पलीकडून गळून पडणार. शिवलेल्या वहीतून एखादी गोष्ट गुपचूप नाहीशी करता येत नाही. तिची खूण दुसऱ्या टोकाला उरतेच.

व्यापाऱ्यांनी शिवलेल्या चोपडीवर विश्वास ठेवला तो याचसाठी. सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली एका गाजलेल्या खटल्यात हिशेबाची वही कशाला म्हणायचे याचा विचार केला, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला. एकत्र बांधलेली पाने ही वही. सुटे कागद सहज काढता आणि बदलता येतात, म्हणून ते वही नव्हेत. मोठमोठे वकील ज्यावर वाद घालत होते, ते शाळकरी पोराला मधले पान काढताना कळलेले असते. दिवाळीत आडते बाजारातला दुकानदार कोरी चोपडी पाटावर मांडून तिच्यावर हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर श्री लिहितो. आत अजून एक आकडा नसतो. येत्या वर्षाचा जमाखर्च खरा लिहीन, असे तो कोऱ्या पानांना सांगत असतो.

पोथीचे तसे नाही. पोथीची पाने सुटी असतात. खाली-वर फळी, भोवती कापडाचे बासन, आणि क्रम राखतो तो समासातला आकडा. नक्कल करणाऱ्याला एकेक पान समोर घेता येई, पारायण करणाऱ्याला वाचलेले पान उलटून बाजूला ठेवता येई. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सांगून पूर्ण झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. तिच्या प्रती पुढे हातोहात होत राहिल्या. पाठात भेसळ होत गेली, म्हणून शके 1506 मध्ये एकनाथांना ती पुन्हा शुद्ध करावी लागली. तीनशे वर्षे ती लोकांच्या हातांनी आणि त्यांच्या काळजीने टिकली.

याच जिल्ह्यात राहुरी तालुक्यात ताहाराबाद आहे, संतचरित्रकार महिपतीबुवांचे गाव. ते गावचे कुलकर्णी होते, म्हणजे लेखणी पोटापाण्याची. परंपरा असे सांगते की ते पूजेला बसलेले असताना सरकारी कामाचे बोलावणे आले. पूजा अर्धी टाकून जावे लागले. परत आल्यावर त्यांनी शपथ घेतली की ही लेखणी यापुढे संतांच्या चरित्राखेरीज काही लिहिणार नाही. पुढे 1762 साली ‘भक्तविजय’ पुरा झाला, 1774 साली ‘भक्तलीलामृत’. मला ही कथा वहीच्या अंगाने फार जवळची वाटते. त्यांनी स्वतःला आधी बांधून घेतले आणि ओव्या नंतर आल्या. त्या काळचा कागदही हातचा होता. आपल्या जिल्ह्याच्या एका अंगाला जुन्नर, दुसऱ्या अंगाला दौलताबादजवळचे कागजीपुरा, ही दोन्ही गावे हातकागदासाठी नावाजलेली. कागदाचा लगदा चाळणीवर धरायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, तेव्हा कुठे त्यावर बोरू चालायचा. अशा पानाला माणूस जपणारच.

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात मात्र सगळे उलट्या क्रमाने घडले. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे नेते तिथे आणून ठेवले गेले. मौलाना आझाद मित्राला पत्रे लिहीत राहिले, पण ती पाठवण्याची सोय नव्हती. न धाडलेल्या त्या पत्रांचेच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ झाले. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत हजारभर हस्तलिखित पृष्ठे लिहिली, तोच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. दोन्ही पुस्तके 1946 साली बाहेर आली. लिहिणाऱ्यांना तेव्हा आपण कधी सुटणार हेही माहीत नव्हते. तरी त्यांनी पानामागून पान लिहिले, पुढे कुणीतरी ते एकत्र करील या भरवशावर. वही शिवणारा आणि हे बंदी, यांच्यात हेच नाते मला दिसते. काम अर्धेच करायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर विश्वास ठेवायचा.

आता थोडे खळीविषयी, कारण वही बिघडते ती बहुधा इथेच. मैदा थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर सारखा ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. जुने बाइंडर चिंचोक्याचीही खळ करत. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे. बांधाबांधावर चिंच असलेल्या आपल्या भागात हे पीठ अजूनही घरी करून पाहण्यासारखे आहे. झुरळ-कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत होती. पण मोरचूद विषारी असते. मुलांच्या हाती ते देऊ नये आणि स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. खळ पातळ लावावी, आतून बाहेर पसरत न्यावी. आपल्याकडच्या वैशाखात ती बघता बघता वाळते आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो, म्हणून चिकटवल्या चिकटवल्या वही पाट्याखाली दाबून रात्रभर ठेवावी. सकाळपर्यंत उघडून बघू नये.

नुसत्या डिंकावर चिकटवलेली वही चारदा पूर्ण उघडली की तिचा कणा तडकतो आणि पाने सुटतात. मग ती कुणी दुरुस्त करत नाही. शिवलेली वही मात्र उसवता येते आणि पुन्हा शिवता येते. नगरचे जिल्हा वाचनालय 1838 सालचे. अशा जुन्या वाचनालयांमधली पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या हाताळूनही उभी राहिली ती कॅलिकोचे कापड चढवून, पाठ नव्याने बांधणाऱ्या बाइंडरांमुळे. त्यांची नावे कुठल्याच पुस्तकावर नसतात. हे कसब टिकावे म्हणून वर्गात कार्यानुभवाच्या तासाला निदान एक वही मुलांनी स्वतः शिवावी, त्यासाठी सुट्टीआधीच कोरी पाने जमा करून घ्यावीत, असे मला फार वाटते.

हौसेने बांधलेली वही कपाटात जपून ठेवतात, हे मात्र पाहवत नाही. एवढ्या सुंदर वहीत काय लिहायचे, म्हणून पहिले पान वर्षानुवर्षे कोरे राहते. त्या दुकानदाराकडे पाहावे. श्री लिहून झाल्यावर तो पहिली नोंद कांद्याच्या दोन गोण्यांचीच करतो. आपणही दुधाचा हिशेब लिहावा, आजीने सांगितलेले काळ्या मसाल्याचे प्रमाण लिहावे, विहिरीला पाणी किती हात खाली गेले ते लिहावे. रोहिणी बरसल्या की कोरड्या गेल्या, मृगावर पेरणी झाली की नाही, याची दरसाल तारखेसह एक ओळ. आणि पाने संपत आली तर पाठीची पट्टी सोडवून आणखी एक जुज जोडता येतो, शिलाई होती तशीच पुढे न्यायची.