दहा मिनिटे कुणी द्यायची?



सकाळची शाळेची घाई आहे. नऊ वर्षांचा मुलगा शर्टाची बटणे लावतो आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्यामुळे त्याच्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबा नाही. बोटे ऐकत नाहीत. आई येते, भराभर बटणे लावते, घास भरवते. यात प्रेमच आहे. पण हे प्रेम त्या मुलाचे काही काढूनही घेते का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सांगितले की अपंगत्वाचा विचार करताना केवळ शरीरातील उणीव पाहू नये. रोजच्या जगण्यात त्या व्यक्तीचा किती सहभाग आहे, हेही पाहावे. मुलाला कडेवर घेऊन आपण लग्नाला नेतो, जत्रेला नेतो. तो हजर असतो, पण सहभागी असतोच असे नाही.

अमळनेरकरांना हा फरक नवा नाही. इथल्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. बाहेरून हात जोडणे आणि आत जाणे एकच नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. अंगणात बसून भावंडांचा खेळ नुसता पाहणारे मूलही उंबरठ्याबाहेरच असते.

मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. मालिनीताई एका बोटाने टाइप करत शिकल्या, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि २०१० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्या एका बोटासाठी कुणीतरी थांबले होते.

पण थांबायचे कुणी? आईला दोष देणे सोपे आहे. तिला स्वयंपाक आहे, कामावर जायचे आहे, दुसरी लेकरे आहेत. तिच्याकडे दहा मिनिटे उरत नाहीत. म्हणून हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. शेजारणीने धाकट्याला शाळेत सोडले, तर थोरल्याला स्वतः बटणे लावायला वेळ मिळेल. आजीने लसणाच्या चार पाकळ्या त्याच्यापुढे ठेवल्या, तर घरच्या भरतात त्याचाही हात लागेल.

आणि त्याला विचारावे. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे, हे यरीहोच्या रस्त्यावर सगळ्यांना दिसत होते. तरी प्रभू येशूने त्यालाच विचारले. आपण मात्र मुलाच्या डोक्यावरून आईला विचारतो, “हा काय खाईल?” यातल्या पुष्कळ मुलांना सारे समजते, फक्त शब्द सावकाश येतात. त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत गप्प राहणे, हीसुद्धा सेवाच आहे.

मिस्सामध्ये अर्पणाच्या मिरवणुकीत असे एखादे मूल द्राक्षारसाची कुपी घेऊन यावे. वॉकर धरून, हळूहळू, कुणाचा तरी हात घेऊन. त्या दिवशी गायकवृंदाला एक कडवे जास्त गावे लागेल.

गाऊ या की!